शेंडेफळाचं बाळंतपण

चौतीस वर्षं मी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या खोलीत काढली. कागदावर डॉक्टरांची सही असायची, बाकी सगळं मी. पायाळू बाळं काढली, गळ्याला नाळेचा वेढा असलेली काढली, जुळी काढली. एक तर दवाखान्याच्या पायरीवरच काढलं, कारण त्याला आत येईपर्यंत दम नव्हता. आमच्या भागात पाच ते चाळीस वर्षांचं कुणीही समोरून आलं की मी आधी त्याचं डोकं बघते. निम्म्याहून जास्त डोकी पहिल्यांदा माझ्याच हातात आलेली असतात. मला सगळे 'सिस्टर' म्हणतात आणि आमच्या ह्यांना 'सिस्टरचे मिस्टर'. ह्यांना ते आवडत नाही. मला आवडतं.

गर्व आहे का? आहे की. ज्याला आपल्या कामाचा गर्व नाही त्याच्या हातात मी साधी कात्रीसुद्धा देणार नाही.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्या दिवशी जेवताना आमच्या सूनबाई जे बोलल्या ते मला किती झोंबलं असेल, याची तुम्हाला कल्पना येईल.

सूनबाई मोटर वाइंडिंग करते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं वर्कशॉप आहे. पाण्याचे पंप, गिरणीच्या मोटरी, पंखे, जळलेलं काहीही आणा, ती जुनी तार खरवडून काढते आणि नवी तांब्याची तार भरून ते यंत्र पुन्हा उभं करते. घरभर वॉर्निशचा वास असतो, त्याचीही आता सवय झाली. बोलणं मात्र मोजून मापून. दिवसाला चाळीस शब्द, त्यातले तीस गिऱ्हाइकांशी. तेव्हा तिला सातवा महिना लागला होता.

तर जेवताना ती म्हणाली, "आई, बाळंतपणाच्या वेळी आत एकच माणूस सोडतात."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "तो नियम माझ्यासमोर लागू झाला."

"मी माझ्या मैत्रिणीला सांगितलंय. ती येईल आत."

मला वाटलं, मला ऐकू कमी यायला लागलं. मुलाचा प्रश्नच नव्हता. तो पाइपलाइनच्या कामावर महिना महिना बाहेर असतो, आणि घरी असता तरी रक्त दिसलं की आडवा होतो. त्याला सांभाळायलाच दुसरं माणूस लागलं असतं. पण घरात मी धडधाकट असताना मैत्रीण? आणि ती कोण, तर तारांच्या दुकानात काउंटरवर बसते ती!

"आणि मी?"

"तुम्ही बाहेर थांबा." तिनं शांतपणे घास संपवला आणि म्हणाली, "तुम्ही आत आलात ना आई, की ते बाळंतपण तुमचं होईल. माझं राहणार नाही."

आमचे हे ताटात बघून हसले. दोन दिवस मी सूनबाईशी कामापुरतं बोलले आणि ह्यांच्याशी तेवढंही नाही. आपल्या पहिल्या नातवंडाला दुसऱ्याच कुणीतरी पुसून, गुंडाळून बाहेर आणायचं आणि मी बाकावर बसून दाराकडे बघायचं, हे माझ्या काही केल्या गळी उतरेना. मनात म्हटलं, अजून तीन महिने आहेत. बघू कोण बाहेर बसतंय ते.

त्याच आठवड्यात बदकवाला आला. त्याचा बदकांचा फार्म आहे. अंडी उबवायची त्याची एक पेटी बंद पडली होती. वर काचेचं झाकण, आत उष्णतेची तार, पाण्याचं भांडं, आणि अंडी हळूहळू कलती करणारी एक छोटी मोटर. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, दोघांनी हात वर केले होते. सूनबाईनं चार दिवसांत पेटी चालू करून दिली. तेव्हा तो म्हणाला, "ताई, पेटी चालते हे पिल्लू निघाल्याशिवाय मी मानत नाही." आणि सहा अंडी ठेवून गेला.

पेटी स्वयंपाकघराच्या दारात ठेवली होती, त्यामुळे येता जाता माझी नजर जायचीच. दवाखान्यातसुद्धा कमी दिवसांची बाळं आम्ही पेटीतच ठेवायचो, मग मला त्यात परकं काय वाटणार? आठवडाभरानं सूनबाईनं अंडी एकेक करून बॅटरीपुढं धरली. दोन रिकामी निघाली. चार अंड्यांत लाल शिरा फुटलेल्या दिसल्या आणि मधे एक काळा ठिपका टिकटिक करत होता. माझं मन भरून आलं. मनात धरलेला राग मी तिथल्या तिथं सोडला, निदान अर्धा.

पंचविसाव्या दिवशी तिनं मोटर बंद केली, पाणी वाढवलं आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली. 'झाकण उघडू नये.' माझ्या घरात मला चिठ्ठी!

"ही कुणासाठी?" मी विचारलं.

"सगळ्यांसाठी," ती म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी पहाटेपर्यंत तीन पिल्लं आपापली बाहेर आली. आधी ओली, गबाळी, मग बघता बघता पिवळी आणि मऊ. सूनबाईनं ती उचलून शेजारच्या खोक्यात दिव्याच्या उबेला ठेवली. चौथ्या अंड्याला मात्र सकाळी सहाला फक्त एक भोक पडलं आणि त्यातून चोचीचं टोक दिसलं. शेवटचं म्हणून मी त्याचं नाव शेंडेफळ ठेवलं. सूनबाईला एका कारखान्यात मोटर जोडून द्यायची होती. उचलायला तिथं माणसं होती, हिनं नुसतं बघून सांगायचं होतं. निघताना तिनं पेटीकडं बोट केलं. "ह्याला वेळ लागेल. उद्यासुद्धा उजाडेल. कुणी हात लावायचा नाही."

"बरं बरं," मी म्हणाले.

आता माझी बाजू ऐका. माझ्या कामात डोकं दिसलं की पुढचं सगळं मिनिटांचं असतं. डोकं दिसतंय आणि बाळ पुढं सरकत नाही, तर बाळ अडलंय, दमलंय, आतल्या आत गुदमरतंय. तिथं जी बाई हातावर हात ठेवून बसते तिला मी खोलीबाहेर काढलेलं आहे. इथं चोच दिसल्याला सहाचे नऊ झाले, नवाचे बारा झाले. एक वाजता आतला आवाज बारीक झाला. दोनला थांबला. तिघं भाऊ शेजारी उड्या मारतायत आणि हे आत गप्प. माझे हात नुसते शिवशिवायला लागले.

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "हे अडलंय."

ह्यांनी पेपर खाली केला, मान लांब केली आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. "झाकण उघडू नये."

"मला वाचता येतं!"

तीन वाजता मी चिमटा उकळून घेतला. कोपरापर्यंत हात धुतले. झाकण उघडलं. भोकापासून कवच थोडं थोडं सोलायला लागले, अगदी हलक्या हातानं. आतला पांढरा पडदा चिमट्यानं बाजूला केला आणि त्याच क्षणी पडद्यातून रक्त आलं.

थेंबभर नाही, चांगलं आलं. अंड्याच्या पडद्यात अजून शिरा भरलेल्या होत्या. पिल्लू अर्धं बाहेर लोंबलं, आणि त्याच्या पोटाशी वाटाण्याहून मोठा पिवळा गोळा तसाच बाहेर होता. मला काय झालं ते एका नजरेत कळलं, आणि तेच तर दुखतंय, कळायला एक नजर पुरली, पण चिमटा हातात असताना नाही पुरली. ते अडलेलं नव्हतंच. ते विश्रांती घेत होतं. आतलं रक्त अंगात ओढून घेत होतं, बलक पोटात घेत होतं, त्याचं त्याचं काम चाललं होतं. मी ते अर्ध्यावर तोडलं.

कापूस दाबून धरला. रक्त थांबलं. खालचं कवच तसंच ठेवून पिल्लू परत पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं.

"सांग की आपोआप फुटलं," हे म्हणाले. "अंडंच ते. फुटतंच."

खोटं कशाला बोलू, तो विचार माझ्याही मनात ह्यांच्या आधी येऊन गेला होता. माझी सून आधीच मला बाहेरच्या बाकावर बसवायला निघालेली. तिनं स्पष्ट सांगितलेलं, चिठ्ठी लावलेली, आणि मला नऊ तासांवर कळ निघाली नाही. हे सांगितलं की माझ्यासाठी ते दार कायमचं बंद. तिचं म्हणणं मीच खरं करून दिलं असतं, तेही तिच्या पेटीवर, तिच्या चिठ्ठीखाली.

मी तिला फोन लावला. तोंडातून निघालं ते एवढंच, "चौथं आलं गं बाहेर."

"आपोआप?" तिचा आवाज एकदम उजळला. असा आवाज मी तिचा फार कमी वेळा ऐकलाय. "इतक्या लवकर? अरे वा! मग कोरडं झालं की त्या तिघांत सोडा आई, उबेला बरं पडेल."

बघा, किती सोपं होतं. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. पण मला तो पिवळा गोळा दिसत होता. तिघांत सोडलं असतं तर ती त्यावर पाय देऊन नाचली असती, आणि कोरडं केलं असतं तर तो गोळा पोटाबाहेरच वाळला असता. शेंडेफळानं संध्याकाळही बघितली नसती. आमच्या मोठ्या सिस्टर पाळी बदलताना दारात उभं करून विचारायच्या, काय झालं ते सांग, आणि तुझ्या हातून काय झालं ते आधी सांग. कारण पुढच्या पाळीवरच्या बाईला ते ठाऊक नसेल, तर तिचा सगळा इलाज चुकीचा होतो. चौतीस वर्षं मी ते सांगत आले. आता काय झालं होतं मला?

"थांब," मी म्हणाले. "आपोआप नाही. मी काढलं. चिमट्यानं सोललं. रक्त आलं, ते थांबलंय. पोटाशी बलक बाहेर आहे. माझी चूक झाली."

पलीकडं कारखान्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "खालचं कवच?"

"तसंच ठेवलंय."

"छान. एक लहान वाटी घ्या. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं मऊ फडकं आत घाला. त्यात ते कवचासकट बसवा, पोट दाबलं जाणार नाही असं. वाटी पेटीत ठेवा. पोटाला हात लावू नका. पाणी नको, खाणं नको. मी येते."

मी शब्दाला शब्द तसं केलं. पुढच्या तासात मी किती वेळा देवाचं नाव घेतलं ते मोजलं नाही. ती आली, चपला न काढता आधी पेटीशी गेली, बराच वेळ बघत राहिली. मी मागं उभी. मला वाटत होतं, ओरड बाई, एकदाची ओरड. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. ती म्हणाली, "चहा आहे का?" तेव्हा मला रडूच यायला लागलं.

चहा घेताना तिनं विचारलं, "उद्या दिवसभर ह्याच्याजवळ बसायला लागेल. तुम्ही बसाल?"

"मी?"

"मग कोण? बाबा?"

हे पेपरमागून म्हणाले, "मला विचारू नका, मला झाकणसुद्धा उघडता येत नाही." लबाड माणूस!

"फक्त बसायचं," ती म्हणाली. "तासाला एकदा फडक्यावर कोमट पाण्याचे चार थेंब. बाकी हात लावायचा नाही. आणि लिहून ठेवायचं."

लिहून ठेवायचं म्हटल्यावर मी जुनी वही काढली. दवाखान्यात लिहायचे तसेच रकाने आखले. वेळ, पेटीची उष्णता, श्वास, गोळ्याचा आकार. सकाळी सातला: श्वास भरभर, गोळा वाटाण्याएवढा. नऊला: डोकं खाली, गोळा तेवढाच. अकराला: चोच दोनदा उघडली. त्या उघडलेल्या चोचीत एक थेंब साखरपाणी सोडावं म्हणून माझा हात तीन वेळा उठला. तीन वेळा मी तो पदराखाली दाबून धरला. बलक आत जातोय तोवर त्याचं जेवण त्याच्या पोटातच चाललंय, वर दुसरं काही घालायचं नाही, हे मला आता कळलं होतं. पण कळणं निराळं आणि हात आवरणं निराळं. तिला म्हटलं असतं तर तिनं माझे हात वाइंडिंगच्या तारेनं बांधून ठेवले असते.

खरं सांगते, चौतीस वर्षांत मी इतकी दमले नव्हते. धावपळ करून माणूस दमतो हे ठाऊक होतं. काही न करून इतकं दमायला होतं, हे त्या खुर्चीत कळलं. सूनबाई कामातून उठून दर तासाला दारात यायची, माझ्या वहीत डोकवायची आणि परत जायची. एकदा फक्त म्हणाली, "अक्षर छान आहे तुमचं."

दुपारी तीनला मी लिहिलं: मुगाएवढा. आणि पाचला हाक मारली, "अगं ये! गेला! आत गेला!" पोटाशी नुसती एक रेघ राहिली होती. तिनं कापसाच्या बोळ्यानं तिथं आयोडीन टेकवलं आणि शेंडेफळ पहिल्यांदा वाटीतून बाहेर आलं. बाहेर आलं आणि पसरलं. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला. उठायला गेलं की दोन्ही पाय बाजूला घसरायचे आणि ते पोटावर आपटायचं.

त्याच संध्याकाळी बदकवाला आला. तीन पिल्लं बघून खूश झाला, पेटीवर थाप मारली. मग चौथ्याकडं बघून म्हणाला, "हे नाही जगायचं, ताई. पाय गेलेत. माझ्याकडं असं निघालं की मी लगेच..." आणि हातानं मान पिरगाळल्याची खूण केली.

माझं डोकं असं तडकलं! "तुझी तीन घेऊन जा आणि वाटेला लाग," असं मी म्हणणारच होते, पण त्याआधी सूनबाई बोलली. चाळीस शब्दांची सूनबाई. "दादा, तिन्ही दोन दिवसांनी न्या, तोवर हे त्यांच्यात राहू दे. आणि हे न्यायचं नाही. हे आमचं आहे. ह्याला पाय आहेत, फक्त बांधून द्यायचे आहेत." तो माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणाले, "ऐकलंस ना?" आणि मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! सून माझी आहे ती. बाकी काही असो, सून माझी आहे.

तो गेल्यावर तिनं मोटरीत वापरायची सुती पट्टी आणली. एक तुकडा कापला, पिल्लाच्या पायांशी धरला आणि थांबली. मग पट्टी माझ्यापुढं केली. "आई, हे तुम्ही करा. मी बांधलं तर मोटरीसारखं घट्ट बांधीन."

आता हात लावायला सांगितलं होतं! मी खुर्ची पुढं ओढली. वाकड्या पायाच्या बाळांना मी आठाच्या आकारात किती पट्ट्या बांधल्या असतील, पण इथं पाय काडीएवढे. दोन पायांत नीट उभं राहता येईल एवढंच अंतर ठेवलं, पट्टीखाली माझं नख जाईल एवढी सैल. ती तोंड जवळ आणून बघत होती. "पुन्हा दाखवा," म्हणाली. मी सोडून पुन्हा बांधून दाखवलं. पिल्लू रोज वाढतं म्हणून पट्टी रोज सकाळी सोडून नवीन बांधायची, हेही मी सांगितलं आणि तिनं ते माझ्या वहीत लिहून ठेवलं. खाली कागद घातला होता त्यावर पाय घसरत होते, म्हणून मी ह्यांचा खरखरीत टॉवेल घेतला. हे म्हणाले, "तो माझा नवीन आहे." मी म्हटलं, "तुमचे पाय घसरत नाहीत."

पाणी उथळ ताटलीत, त्यात गोटे घातलेले, म्हणजे चोच बुडेल पण अंग भिजणार नाही. तिघं भाऊ त्याला तुडवायचे, म्हणून मधे जाळी. एकटं पडू नये म्हणून जाळीतून एकमेकांना दिसतील असं. पहिले दोन दिवस ते सरपटत खायचं. तिसऱ्या दिवशी भाऊ त्यांच्या घरी गेले आणि ते ओरडून ओरडून थकलं, म्हणून सूनबाईनं वर्कशॉपमधला आरसा आणून लावला. त्यात स्वतःला बघून ते गप्प झालं. आमच्यातसुद्धा आहेत अशी माणसं.

पाचव्या दिवशी सकाळी पट्टी सोडल्यावर सूनबाई म्हणाली, "आज नको बांधायला. बघू."

आम्ही दोघी जमिनीवर बसलो. ती पोटाला हात धरून, सावकाश, एका बाजूनं बसली. शेंडेफळानं एक पाय पुढं टाकला आणि तोंडावर पडलं. माझा हात गेलाच पुढं, पण तिनं माझ्याकडं बघायच्या आधी मी तो परत घेतला. दोन्ही हातांवर सरळ बसले मी, मांडीखाली दाबून. दुसऱ्यांदा पडलं. तिसऱ्यांदा पडलं आणि तसंच पडून राहिलं. एक मिनिट झालं असेल. मला ते नऊ तासांपेक्षा मोठं वाटलं. मग त्यानं ढुंगण वर केलं, पाय पोटाखाली ओढले, डुलत डुलत उभं राहिलं, आणि ताटलीपर्यंत चालत गेलं. चालत! पाणी प्यालं, मान वर करून गिळलं आणि आमच्याकडं असं बघितलं, की तुम्ही दोघी इथं कशाला बसलात.

रडले मी. लपवायचं काय त्यात? आणि आमची सूनबाई हसत होती, खांदे हलवून हलवून, पोट सांभाळत. म्हणाली, "आई, हात काढा आता, मुंग्या आल्या असतील."

तीन आठवड्यांनी बदकवाला दोन नादुरुस्त पेट्या घेऊन आला, येताना त्या तिघांनाही दाखवायला घेऊन आला. अंगणात चौघं एकत्र सुटली. मी त्याला विचारलं, "ओळख, पाय गेलेलं कुठलं?" त्यानं दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं आणि छातीठोकपणे बोट दाखवलं ते त्याच्याच पिल्लाकडं. शेंडेफळ तेव्हा त्याच्या चपलेची वादी ओढत होतं. मी ही गोष्ट सबंध गल्लीत सांगितली. अजून सांगते.

आणि मग नवव्या महिन्याच्या तपासणीला मी तिच्याबरोबर गेले. हा दवाखाना नवीन, मला ओळखणारं तिथं कुणी नाही. एक तरुण नर्स फॉर्म भरत होती. नाव, वय, रक्तगट. "बाळंतपणाच्या वेळी आत सोबत कोण?"

"सासूबाई," सूनबाई म्हणाली.

मला वाटलं, फॉर्ममध्ये काहीतरी गोंधळ होतोय. "अगं, तुझी मैत्रीण ना?"

"तिला सांगितलं मी, नको येऊस म्हणून."

"पण मी तर..." नर्ससमोर मला बोलवेना, पण बोलले. "मी तर झाकण उघडलं. चिठ्ठी लावली होतीस तरी."

"हो," ती म्हणाली. "मला खूप राग आला होता. पण फोनवर मी काय म्हणाले होते, आठवतं? कोरडं करून तिघांत सोडा. तुम्ही नुसतं 'बरं' म्हणाला असतात तर ते मेलं असतं, आणि मला वाटलं असतं की मीच मारलं. तुम्हाला वाटलं असणार ना, की सांगितलं तर मी तुम्हाला आत घेणार नाही?"

मी मान हलवली.

"तरी सांगितलंत. आत काही चुकलं तर मला असं खरं सांगणारं माणूस हवं. हात कुणाचाही चुकतो, आई. माझाही चुकतो." एका दमात ती इतकं बोलली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी सलग इतकं बोलली नव्हती. मग बोट वर करून म्हणाली, "पण कोपऱ्यातली खुर्ची. मी बोलावलं की यायचं."

"आणि नाही बोलावलंस तर?"

"तर बसायचं."

"बसेन," मी म्हणाले. माझ्या चौतीस वर्षांत मला कितीतरी जणांनी 'सिस्टर, तुम्ही आत या' म्हणून हात जोडलेत. इतकं मोठं कुणी केलं नव्हतं.

नर्सनं माझं वय लिहून घेतलं, माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं आणि अगदी मायेनं, मोठ्या आवाजात विचारलं, "आजी, आत रक्त वगैरे दिसेल हं. घाबरणार नाही ना? याआधी कधी बाळंतपण बघितलंय का?"

सगळी चौतीस वर्षं माझ्या जिभेच्या टोकावर आली. पायाळू, जुळी, पायरीवरचं, सगळी. सूनबाई माझ्याकडं बघत होती, ओठ घट्ट मिटून.

"नाही गं बाळा," मी म्हणाले. "खुर्चीत बसून कधीच नाही."